सहावी जागा

ग्लायसिन कुठल्या रांगेत लिहायचं, हा प्रश्न वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षात कुणीतरी चौकस मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते. अमिनो आम्लांचा तक्ता फळ्यावर काढून झालेला असतो. पाण्याला टाळणारी, पाण्यात रमणारी, ऋणभार असलेली, धनभार असलेली अशा रांगा पडलेल्या असतात. मग मागच्या बाकावरून आवाज येतो, "मॅडम, या पुस्तकात ग्लायसिन पहिल्या रांगेत आहे आणि त्या पुस्तकात दुसऱ्या." दोन्ही पुस्तकं चांगली असतात, दोन्ही लिहिणाऱ्यांना रसायनशास्त्र उत्तम येत असतं. तरी रांग वेगळी.

मी नागपुरात बायोकेमिस्ट्री शिकवली आणि निवृत्त झाल्यावर महाल भागातल्या एका शास्त्रीबुवांकडे तर्कसंग्रह वाचायला बसले. अन्नंभट्टांचा हा न्याय-वैशेषिक दर्शनावरचा 17 व्या शतकातला छोटासा ग्रंथ. मुंबईहून 1897 मध्ये निघालेली आठल्ये-बोडसांची आवृत्ती आजही त्यासाठी वापरतात. तिथे मला कळलं, की मुलांचा प्रश्न आपल्याकडे शतकानुशतकं लढवला गेला आहे. अनेक वस्तूंना आपण एका नावाने हाक मारतो, तेव्हा त्या सगळ्यांत खरोखरच काही एक सामायिक असतं, की ते एकपण आपण त्यांच्यावर घालतो? न्याय-वैशेषिक म्हणतात, असतं. त्याला ते सामान्य किंवा जाती म्हणतात, आणि कुणी पाहो न पाहो, ती नित्य आहे असं मानतात. बौद्ध तार्किकांच्या मते खरी फक्त एकेकटी वस्तू. वर्ग ही मनाची रचना. शास्त्रीबुवा पक्के नैयायिक. मी हळूहळू दुसऱ्या बाजूला सरकत गेले, आणि मला तिकडे नेलं ते ग्रंथांपेक्षा अमिनो आम्लांनी.

त्यांची रचना सांगायला सोपी आहे. मधे एक कार्बन. त्याच्या चार बंधांपैकी एकावर अमिनो गट, एकावर कार्बॉक्सिल गट, एकावर हायड्रोजन. चौथ्या बंधावर जे बसतं ते साइड चेन, आणि या आम्लाचं त्या आम्लापासूनचं वेगळेपण त्या चौथ्या जागेत. ॲलानिनमध्ये तिथे एक मिथिल गट आहे, ट्रिप्टोफॅनमध्ये एकमेकांना चिकटलेली दोन कडी, लायसिनमध्ये लांब शेपटी आणि तिच्या टोकाला आणखी एक अमिनो गट. ग्लायसिनमध्ये त्या जागीसुद्धा हायड्रोजनच. म्हणजे ज्या खुणेवरून वर्ग पाडायचे ती खूणच त्याच्यापाशी नाही. म्हणून पुस्तकांचं एकमत होत नाही.

शास्त्रीबुवांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, आधी लक्षण सांगा. वर्ग मागाहून." न्यायात लक्षणाचे तीन दोष सांगतात. कपिला रंग हे गाईचं लक्षण धरलं तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. शिंगं धरली तर म्हैसही आत येते, ही अतिव्याप्ती. एकखुरी असणं धरलं तर एकही गाय सापडत नाही, तो असंभव. मी पाठ्यपुस्तकातलं लक्षण सांगितलं: एकाच कार्बनवर अमिनो गट आणि कार्बॉक्सिल गट. सांगतानाच लक्षात आलं, की प्रोलिन बाहेर राहिलं. प्रोलिनची साइड चेन मागे वळून स्वतःच्याच नायट्रोजनला धरते. तिथे मोकळा अमिनो गट उरत नाही. प्रथिनांत ते ठायी ठायी असूनही काटेकोर बोलायचं तर लक्षणात बसत नाही. ही अव्याप्ती. उलट मेंदूत निरोप थोपवणारं गॅबा. त्याचा अमिनो गट दोन कार्बन पलीकडे आहे. टॉरिनमध्ये तर कार्बॉक्सिल गटच नाही, त्याऐवजी गंधकाचं आम्ल आहे. तरी दोघांनाही प्रयोगशाळेत सर्रास अमिनो आम्ल म्हणतात. लक्षण आवळलं की प्रोलिन सुटतं, सैल केलं की टॉरिन आत शिरतं. शास्त्रीबुवा खूश झाले. मीही झाले. तीस-चाळीस मुलांच्या वर्गात इतक्या नेमकेपणाने हा घोळ कुणी मांडलेला मी ऐकला नव्हता.

इतिहासही एकेकट्या वस्तूंच्या बाजूने बोलतो. 1806 मध्ये व्होक्लां आणि रोबिके यांना शतावरीच्या कुळातल्या एका भाजीच्या रसात ॲस्पॅरजिन सापडलं. 1810 मध्ये वुलस्टनला मूत्राशयातल्या खड्यात सिस्टिन सापडलं. 1820 मध्ये ब्राकोनोने सरस सल्फ्युरिक आम्लात उकळला आणि गोड स्फटिक मिळवले. गोड लागले म्हणून त्याने ते साखरेत जमा केले. तेच ग्लायसिन. त्याचं पहिलं वर्गीकरण जिभेने झालं, आणि ते रसायनाच्या दृष्टीने चुकीचं असलं तरी जिभेच्या दृष्टीने अगदी खरं होतं. रेशमातून 1865 मध्ये सेरिन आलं, आणि प्रथिनांतल्या नेहमीच्या वीस आम्लांतलं शेवटचं, थ्रिओनिन, विल्यम रोझच्या प्रयोगशाळेत 1930 च्या दशकात. सव्वाशे वर्षं एकेक वस्तू येत गेली. तक्ता मागाहून मांडला गेला.

आता तक्त्याकडे. 10 व्या शतकाच्या आगेमागे मिथिलेत उदयनाचार्य होऊन गेले. बौद्धांशी सगळ्यात कडवा वाद घालणारा हा नैयायिक. पण जाती कुठे मानायची नाही, याच्याही कसोट्या त्यानेच घालून दिल्या. त्यांतली एक म्हणजे सांकर्य. दोन वर्ग एकमेकांना अर्धेमुर्धे छेदत असतील, म्हणजे काही वस्तू फक्त पहिल्यात, काही फक्त दुसऱ्यात आणि काही दोन्हींत असतील, तर ती जाती मानता येत नाही. उदाहरण भूतत्व आणि मूर्तत्वाचं देतात. आकाश भूत आहे पण मूर्त नाही. मन मूर्त आहे पण भूत नाही. पृथ्वी, जल, तेज, वायू दोन्ही आहेत. अशा ठिकाणी हाती लागते ती उपाधी, आपल्या सोयीने जोडलेली खूण.

ही कसोटी मी एका दुपारी अमिनो आम्लांना लावून पाहिली. ल्युसिन पाण्याला टाळतं पण ॲरोमॅटिक नाही. टायरोसिन ॲरोमॅटिक आहे, पण त्याच्या कड्यावर हायड्रॉक्सिल गट असल्याने ते पाण्याशी बोलतं. फिनिलॲलानिन दोन्ही आहे. सांकर्य. मग आकाराने लहान आणि पाण्यात रमणारी: ॲलानिन लहान आहे पण रमत नाही, ग्लुटामिन रमतं पण लहान नाही, सेरिन दोन्ही. पुन्हा सांकर्य. 1986 मध्ये विल्यम टेलर यांनी तर सरळ रांगा सोडून एकमेकांत घुसलेली वर्तुळं काढली आणि प्रत्येक आम्ल त्यांच्या छेदांत बसवलं. उदयनाची कसोटी त्या आकृतीवर ठेवली, तर तिच्यातलं क्वचितच एखादं वर्तुळ जाती म्हणून टिकेल.

आहारशास्त्रातली विभागणी तर उघडच उपाधी आहे. नऊ अमिनो आम्लांना आपण आवश्यक म्हणतो, कारण आपलं शरीर ती बनवू शकत नाही. तुरीचं झाड सगळी स्वतःच बनवतं. त्याच्या दृष्टीने एकही आवश्यक नाही. भातात लायसिन कमी, डाळीत मिथिओनिन कमी, म्हणून वरण-भात एकमेकांची उणीव भरून काढतात. यातला आवश्यकपणा लायसिनच्या अणूंत शोधून सापडणार नाही. तो आपल्या शरीरात आणि लायसिनमध्ये मिळून आहे.

शास्त्रीबुवांनी इथे मला अडवलं, आणि त्यांचा प्रश्न कच्चा नव्हता. "सगळ्याच उपाधी असतील, सगळं मनानेच घातलेलं असेल, तर तुमची प्रथिनं तुमच्या तक्त्याप्रमाणे वागतात कशी? त्यांनी तर पुस्तक वाचलेलं नाही." खरं आहे. जॉन केंड्रूने 1950 च्या दशकाच्या अखेरीस व्हेल माशाच्या मायोग्लोबिनची घडी उलगडली, तेव्हा पाण्याला टाळणाऱ्या साइड चेन बहुतांशी आत दडलेल्या आणि भार असलेल्या बाहेर, पाण्याकडे वळलेल्या दिसल्या. पुढे असंख्य प्रथिनांत हेच दिसलं, जिवाणूपासून माणसापर्यंत. मनाची रचना इतकी सार्वत्रिक कशी?

या आक्षेपाचं उत्तर 7 व्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाकडे आहे. तो औषधी वनस्पतींचं उदाहरण घेतो, त्यांत गुळवेलीचं नाव येतं. वेगवेगळ्या वनस्पती ताप उतरवतात. म्हणून त्यांच्यात एक नित्य 'तापहारकत्व' वास करून आहे असं मानायचं कारण नाही. वस्तू निरनिराळ्या असूनही एक कार्य करतात, आणि त्या कार्याकडे पाहून आपण त्यांना एकत्र बांधतो. त्याच्या मते सत् ते, जे काही घडवून आणतं. ल्युसिन फांदीसारखं, फिनिलॲलानिन चपट्या कड्याचं, मिथिओनिनमध्ये मधेच गंधक; यांच्या घडणीत फारसं साम्य नाही. पण पाण्यात टाका, तिघं आडोसा शोधतात. त्यांना एकत्र आणलं ते पाण्याने. तेलात तीच आम्लं निराळी वागतात: पेशीच्या चरबीच्या पडद्यात बसलेल्या प्रथिनांत हीच आडोसा शोधणारी आम्लं बाहेरच्या अंगाला, चरबीकडे तोंड करून असतात. एक पडदा ओलांडला आणि आतलं बाहेर झालं.

हिस्टिडीनचं उदाहरण मला याहून प्रिय आहे. तक्त्यात ते धनभाराच्या रांगेत असतं. खरं म्हणजे त्याचा भार परिसराच्या आम्लतेवर ठरतो, आणि तो बदलण्याचा बिंदू शरीराच्या आम्लतेच्या इतका जवळ आहे, की थोड्याशा फरकाने ते रांग बदलतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत 146 दुवे आहेत, आणि शेवटचा दुवा हिस्टिडीन. रक्त काम करणाऱ्या स्नायूपाशी येतं, तिथे आम्लता थोडी जास्त असते. हे हिस्टिडीन एक प्रोटॉन घेतं, धनभारित होतं, शेजारच्या ऋणभारित ॲस्पार्टेटला धरतं, आणि हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडतं. फुप्फुसात आलं की प्रोटॉन सुटतो, पकड सुटते. रक्ताची एक फेरी साधारण मिनिटाभराची. म्हणजे हे वाचत असताना तुमच्या शरीरातली अगणित हिस्टिडीनं मिनिटाला एकदा एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जाऊन परत येत आहेत. ती एकाच रांगेत बसून राहिली असती, तर स्नायूला हवा तेवढा ऑक्सिजन मिळाला नसता.

इथवर हा वाद अभ्यासाच्या खोलीत राहतो. विदर्भात तो तिथे राहू शकत नाही. आमच्याकडे सिकलसेल आहे, आणि तो आदिवासी आणि काही दलित समाजांत जास्त आढळतो. गडचिरोलीकडून मुलाला घेऊन आलेली एक आई तपासणीचा कागद हातात घट्ट धरून मला म्हणाली होती, "आमच्या लोकायच्या रक्तातच खोट हाय म्हन्तेत. खरं हाय का जी?" मुलाचे हातपाय दुखण्याने वळत होते. तिचा प्रश्न आणि उदयनाचा प्रश्न एकच होता: हे आमच्यात आहे का?

काय आहे ते सांगते. ऑक्टोबर 1956 मध्ये केंब्रिजच्या व्हर्नन इनग्रॅमने दाखवलं, की सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचे तुकडे केले तर बाकी सगळे नेहमीसारखे असतात, एकच लहानसा तुकडा वेगळा असतो. पुढच्या वर्षी फरक नेमका कळला. बीटा साखळीच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन. 146 पैकी एक. व्हॅलीन हे काही विष नव्हे. तुमच्या-माझ्या बीटा साखळीची सुरुवातच व्हॅलीनने होते, आणि पुढेही ते अनेकदा येतं. पहिल्या जागी निरुपद्रवी असलेलं सहाव्या जागी मुलाला रडवतं.

कुणी म्हणेल, ऋणभारित आम्ल जाऊन बिनभाराचं आलं, वर्ग मोडला, म्हणून रोग झाला. प्रयोगशाळेतला पट्टीवरचा तपास याच फरकावर चालतो. विजेच्या ओढीने हिमोग्लोबिन धनाग्राकडे सरकतं. नेहमीचं पुढे जातं, सिकलचं मागे राहतं. पण आणखी एक प्रकार आहे, हिमोग्लोबिन सी. त्यात त्याच सहाव्या जागी लायसिन येतं, म्हणजे ऋणाच्या जागी थेट धन. पट्टीवर ते सिकलच्याही मागे राहतं. भाराच्या हिशेबाने ते नेहमीच्या हिमोग्लोबिनपासून अधिक दूर. मग रोगही अधिक भयंकर हवा. तसं होत नाही. दोन्ही पालकांकडून सी मिळालेल्यांचा आजार पुष्कळ सौम्य असतो. कारण ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनच्या अंगावर एक खळगा उघडतो, फिनिलॲलानिन आणि ल्युसिनने घडलेला, पाण्याला टाळणारा. शेजारच्या रेणूचं सहाव्या जागचं व्हॅलीन त्यात नेमकं जाऊन बसतं. रेणूला रेणू लागतो, लांब दोर वळले जातात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक वाहिनीत अडकते. लायसिन त्या खळग्यात बसत नाही. पट्टीला भाराचा वर्ग दिसतो, खळग्याला दिसत नाही. बदल एकाच जागचा, आणि कोण विचारतंय त्याप्रमाणे त्याचा वर्ग निराळा.

म्हणून त्या आईला मी सांगितलं, की तुमच्या लोकांत खोट नाही. एक अक्षर बदललं आहे. ज्याला ते आई किंवा बाप यांपैकी एकाकडूनच मिळतं, त्याला ते मलेरियात वाचवतं. जंगलपट्ट्यात ते टिकलं ते त्यामुळे. दोघांकडून मिळालं की मात्र त्रास होतो, आणि त्यावर आपण औषध देऊ. ती कितपत समजली, मी सांगू शकत नाही. पण तिने कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि औषधाची वेळ विचारली.

वर्ग वस्तूत आहे असं मानण्याची किंमत आपल्या देशाने मोजली आहे. मीमांसक कुमारिलाने ब्राह्मणत्व ही जाती मानली, गोत्वाइतकीच खरी. फक्त ती ओळखायला आई-बापांची माहिती लागते, एवढंच. बौद्ध तार्किकांनी यावर कडाडून हल्ला केला. देहाकडे पाहून ती दिसत नसेल, तर वंशावळीत ती कुठून येणार? वज्रसूची उपनिषद याच वाटेने जातं: ब्राह्मण म्हणजे जीव का, देह का, जन्म का, एकेक घेऊन तपासतं आणि बाजूला ठेवतं. देह सगळ्यांचा त्याच पंचमहाभूतांचा. शिऊरच्या बहिणाबाईंनी 17 व्या शतकात हा विचार मराठी अभंगांत आणला. त्या ब्राह्मण घरातल्या आणि तुकोबांना गुरू मानणाऱ्या. हा विचार त्यांनी आपल्या संसारात किंमत देऊन धरला होता. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला, इनग्रॅमचा तो लेख प्रसिद्ध झाला त्याच आठवड्यात, माझ्या शहरात डॉ. आंबेडकरांनी लाखो लोकांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण नागपुरात बसून हिमोग्लोबिनची सहावी जागा शिकवणारीला त्या शेजारी शेजारी दिसतात.

शास्त्रीबुवांना मी हे भीतभीत सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सांकर्याची कसोटी लावायची तर सगळीकडे लावावी. उदयनांनी ती कुणाला वगळून सांगितलेली नाही." मला वाटतं, प्रामाणिक नैयायिक असाच असतो. तो आपल्याच शस्त्राची धार आपल्यावरही चालू देतो.

त्या मुलाला दिलेलं औषध हायड्रॉक्सियुरिया. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात बीटाऐवजी गॅमा साखळीचं हिमोग्लोबिन जास्त असतं; ते दोर वळू देत नाही, म्हणून सिकलसेलचं बाळ पहिले काही महिने ठीक असतं. हे औषध तेच जुनं हिमोग्लोबिन पुन्हा वाढवायला लावतं. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेला पेशींतल्या जनुकाचा एक उपचारही याच मार्गाने जातो. दोन्हींत सहाव्या जागचं व्हॅलीन काढलं जात नाही. ते जिथल्या तिथे राहतं, सोबत बदलते, आणि दुखणं कमी होतं.

शास्त्रीबुवा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे व्हॅलीनत्व नित्य, ते राहिलं. रोग उपाधी, ती गेली. आमचंच खरं." मी म्हटलं, दोन व्हॅलीनसुद्धा सारखी नसतात, निसर्गातला दर शंभरावा कार्बन थोडा जड असतो, आणि व्हॅलीनमध्ये पाच कार्बन, म्हणून शंभरातली पाच व्हॅलीनं इतरांहून जड. त्यांनी लगेच विचारलं, "वागतात वेगळी?" शरीरात जवळजवळ सारखीच वागतात, मला मान्य करावं लागलं. "मग कपिला काय आणि पांढरी काय," ते म्हणाले, "गाय ती गायच." हा मुद्दा मी त्यांना दिला आहे. रांगा आणि वर्तुळं माझी, व्हॅलीन त्यांचं.